आंबवणी, चिंबवणी

पावसाळा सरत आला की नवीन जालन्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर मोसंबीच्या गाड्या उभ्या राहतात. हिरवट-पिवळी रास, आणि वर एक फळ मधोमध कापून ठेवलेलं, आत काय आहे ते गिऱ्हाइकाला दिसावं म्हणून. लग्नाच्या बाजारात आणि निवडणुकीत ही पद्धत अजून आलेली नाही.

परवा बागायतदारांचा सत्कार होता. मला वयामुळे पुढच्या रांगेत बसवलं. शाल, श्रीफळ, काचेच्या पेटीत बसवलेलं सोनेरी रंगाचं झाड. पाहुण्यांनी चिकाटीवर भाषण केलं. चिकाटी सोडू नका, चिकाटीनं दगडातूनही पाणी निघतं, असं बरंच. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या; पुढच्या रांगेत बसल्यावर वाजवाव्याच लागतात. पण सालीचा तो कडवट-ताजा वास मांडवात भरलेला होता, आणि माझ्या मनात गोदाकाकी होती. मी पाहिलेलं सगळ्यांत चिवट माणूस. तिच्या खांद्यावर शाल कोणी टाकली नाही, आणि टाकली असती तर तिनं ती पहिल्यांदा झाडाच्या बुंध्याला गुंडाळली असती.

गोदाकाकी म्हणजे माझ्या चुलत्यांची, तात्यांची बायको. आमचं गाव जालन्याहून भोकरदनला जाणाऱ्या रस्त्यावर. राज्य निजामाचं. मी जालन्यात मास्तर होतो आणि सुटी लागली की गावी जायचो. पुस्तकं वाचायची, तात्यांच्या गप्पा ऐकायच्या, काकीच्या हातची ज्वारीची भाकरी खायची, एवढाच माझा उद्योग. त्यामुळे जे घडलं ते मी बहुतेक ओट्यावरून पाहिलं. ओट्यावरून सगळं नीट दिसतं, आणि काही करता येत नाही.

तात्यांचा उत्साह म्हणजे कापसाच्या गंजीला लागलेली आग. भडकली की लांबून दिसायची आणि विझली की राखही उरायची नाही. एकदा त्यांनी माळेगावच्या जत्रेतून घोडा आणला. शेजारच्या गावच्या देशमुखांकडे घोडा होता म्हणून. पुढं देशमुखांनी मोटार घेतली, तसा तात्यांना घोड्याचा वास सहन होईना. मी म्हणालो, “तात्या, एवढा खरारा केला, एवढा हरभरा चारला.” ते म्हणाले, “बाबू, घोड्यानं खाल्लेला हरभरा घोडा ठेवला तरी परत येत न्हाई.” त्या वाक्यातलं शहाणपण मला फार उशिरा कळलं. त्या दिवशी मी हसलो होतो.

काकीचं उलट. तिनं हाती घेतलेली गोष्ट अर्धी सोडलेली कोणी पाहिली नव्हती. करपलेली भाकरी ती शेवटपर्यंत भाजायची आणि स्वतःच खायची. लग्न झाल्यावर पहिल्याच वर्षी ती एका जत्रेला पायी निघाली होती. अर्ध्या वाटेत परतणारी माणसं भेटली. जत्रा कालच मोडली म्हणाली. ही पुढंच गेली. रिकाम्या मैदानात उष्ट्या पत्रावळी पाहिल्या, बंद देवळाच्या पायरीला हात लावला आणि घरी आली. “का गं गेलीस?” म्हणून सासूनं विचारलं, तर म्हणे, “निघाले ते निघाले.” घरात हा किस्सा थट्टेनं सांगत. काकीही हसायची.

एके वर्षी तात्या औरंगाबादला कसल्याशा सरकारी जलशाला गेले. तिथं सुभेदार साहेबांच्या मेजावर मोसंब्यांचा ढीग रचलेला, आणि येणारा-जाणारा विचारत होता, “किसके बाग की है?” हे ‘किसके’ तात्यांच्या काळजात रुजलं. गावी आले ते मोसंबी लावायची हे ठरवूनच. नगरकडून कलमं मागवली. ती रेल्वेनं जालन्याला आली आणि तिथून आमच्या बैलगाडीतून, ओल्या गोणपाटात, एखाद्या नव्या नवरीला आणावं तशी. खड्डे व्हायच्या आधी तात्यांनी टोपली ठरवली होती. बांबूची, तिला लाल मखमल, आणि ती कोणापुढं धरायची तेही.

त्याच वर्षी नागपंचमीला काकी माहेरी, भोकरदनला गेली. तिथं तिची म्हातारी माय होती आणि धाकटा भाऊ शंकर. काकी मायजवळ गेली म्हणजे तिचं वय उतरायचं, असं शंकरमामा सांगत. झोका खेळायची, मोठ्यानं हसायची. आमच्या घरी ती अशी हसलेली मी पाहिली नाही. निघताना ती मायला म्हणाली, “पुढल्या टायमाला माझ्या बागेची मोसंबी घिऊन येते.”

माय म्हणाली, “आन की. चार दात हायेत तवर आन.”

बोलायचं म्हणून बोललेलं. दारात उभ्या मायलेकी असंच काहीबाही बोलतात. पण काकीनं तो शब्द दिला असं धरलं. पुढच्या पंचमीला शंकरमामा गाडी घेऊन आले, तर ही म्हणाली, “फळ येऊ दे रे. रिकाम्या हातानं येऊ का?” दिवाळीलाही तेच. सासुरवाशिणीला वर्षात एकच मोकळा श्वास मिळायचा, आणि काकीनं तो स्वतःच्या हातानं मोसंबीच्या नावावर करून टाकला.

लावणीनंतरचा उन्हाळा वाईट निघाला. विहिरीत मोट बुडेना. नदीच्या वाळूत झिरा उकरून काकीनं डोक्यावरून पाणी वाहिलं. उन्हाचा फुफाटा, तापलेली पितळी घागर, पायांखाली काळ्या जमिनीच्या भेगा. तात्या तेवढ्यात ग्रामोफोनच्या मागे लागले होते. कलमं एकेक करून वाळली. मग एका सकाळी काकी धावत ओट्याशी आली. “बाबू, फुटली! झाडं फुटली!”

इथं थोडं झाडांविषयी सांगायला हवं. मोसंबीचं कलम म्हणजे दोन झाडं. खाली मुळं असतात ती जंबेरीची. जंबेरी म्हणजे रानटी, आंबट, काटेरी लिंबाची जात, दगडातही जगते. त्या खुंटावर मोसंबीचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, भरतात आणि वर मोसंबी वाढते. डोळा मेला तरी खुंट मरत नाही. तो खालून फुटतो, जोमानं फुटतो, पण फुटतो तो जंबेरी होऊन. डोळ्याखालची फूट नखानं खुडून टाकायची असते. काकीनं ती फूट वाचवली. तिच्यावर तुराट्यांची सावली केली, बांबू बांधून सरळ केली, वरचं मेलेलं लाकूड छाटून तिला वाट करून दिली. आमच्या भागात तोवर मोसंबी कोणी लावलेली नव्हती. हिरवं दिसलं की झाड जगलं, एवढंच ज्ञान. गावातल्या बायकांनी झाडांना हळदकुंकू लावलं. मी शहरातून आलेला शिकलेला माणूस, मीही “वा!” म्हणालो.

झाडं वाढली. काटे बोटाएवढे झाले. तात्या म्हणाले, “चांगल्या जातीला काटे असतेतच.” पुढं फळ धरलं. पहिलं फळ तात्यांनी सगळ्यांसमोर सोलून तोंडात टाकलं. त्यांचा एक डोळा मिटला, मान आखडली. गिळून म्हणाले, “पहिलटकरीन हाये. पहिला बहार आंबट निघनारच.” हे सगळ्यांना पटलं, कारण पटवून घेणं सोयीचं होतं. काकीनं दुसरं फळ चाखलं, पदरात थुंकलं आणि लगेच बुंध्याला हात लावला, जणू झाडाला ऐकू गेलं असेल. त्या वर्षीही ती माहेरी गेली नाही. “आंबट घिऊन जाऊ का मायला? पुढल्या बहाराला गोडी उतरंल.”

पुढच्या बहाराला जालन्याच्या मस्तगडचे रहीमभाई बागवान माल बघायला आले. हसरा माणूस, पोट पुढं, खिशात सुरी. त्यांनी पान चुरगाळून हुंगलं आणि फळ न कापताच हसायला लागले. “काकी, ये मोसंबी नै. जंबेरी हय, जंबेरी. खुंट फुट्या हय. अचारवाले को दे डालो.”

काकी म्हणाली, “लोनच्याला देऊ व्हय? पानी मोसंबीला घातलंय म्या.”

“पानी तुम बराबर डाले जी,” रहीमभाई म्हणाले, “पेड बदल गया.”

आता सगळ्यांना माहीत झालं होतं. लपलेलं असं काही राहिलं नव्हतं. एरवी माणसं अज्ञानामुळे फसतात म्हणतात. आमच्या घरात फसण्याची खरी सुरुवात कळल्यानंतर झाली.

त्या हिवाळ्यात तालुकदार साहेब दौऱ्यावर आले. म्हणजे जिल्ह्याचे सर्वेसर्वा. केळीचे खांब कापून कमान झाली. ज्यांच्या केळी होत्या त्यांना साहेब दिसलेसुद्धा नाहीत. शाळेच्या खुर्च्या आल्या, गुलाबपाणी आलं. तात्यांनी शेरवानी चढवली, मखमल घातलेली टोपली दोन्ही हातांवर घेतली आणि नजर, म्हणजे नजराणा, पेश केली. मी मागं उभा होतो आणि मला घाम फुटला होता, कारण टोपलीत जंबेरी होती. साहेबांनी एक फळ खाल्लं असतं तर कमानीसकट सगळं खाली आलं असतं.

पण नजर खात नसतात. रीतच तशी. साहेब दोन बोटं टोपलीला लावतात, म्हणजे नजर कबूल झाली, आणि टोपली धन्याकडे परत. साहेबांनी बोटं लावली, “माशाअल्लाह, किसके बाग की है?” म्हणाले, आणि पुढं गेले. तात्यांचे डोळे भरून आले. तेवढं एक वाक्य ऐकायला एवढी बाग उभी राहिली होती. टोपली घरी आली, कोनाड्यात बसली, आणि फळं सुपारीएवढी वाळेपर्यंत कोणाला हात लावायची परवानगी नव्हती.

आठवडा उलटला नसेल, तात्या जेवताना म्हणाले, “आता ती झाडं काढून टाकू. तूर पेरू तिथं. उगं पानी खाऊन राह्यलीत.”

मी चकित झालो. मला वाटलं होतं, एवढा हट्टी, मिरवणारा माणूस, हाच शेवटपर्यंत धरून बसेल. पुस्तकांत असंच असतं. गर्विष्ठ माणसं आपली चूक कवटाळून बुडतात. तात्या बुडणार नव्हते. त्यांचं झाड कधी जमिनीत नव्हतंच, ते साहेबांच्या बोटांत होतं. बोटं लागली, काम झालं.

काकीचा हात भाकरीवर थांबला. “तोडा की,” ती म्हणाली. “आधी मला तोडा.”

“अगं, जंबेरी हाये ती! तुला ठावं हाये, मला ठावं हाये, मस्तगडच्या बागवानाला ठावं हाये.”

“तुमाला काय जातंय तोडा म्हनायला? तुमची टोपली झाली. माझी कंबर गेली तिथं.”

घोड्याच्या हरभऱ्याचं वाक्य तात्यांच्या ओठांवर आलं असावं, पण कंबरेपुढं ते बोलवलं नसावं. झाडं राहिली.

मोसंबीला बहार धरायची एक पद्धत आहे. थंडीत झाडाचं पाणी तोडतात. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, गळतात. झाड मेलंच असं वाटतं. याला ताण देणं म्हणतात. मग ताण मोडायचा. पहिलं पाणी हलकं द्यायचं, ते आंबवणी. काही दिवसांनी दुसरं, थोडं जास्त, ते चिंबवणी. मग पुरतं पाणी. यात खंड पडला की कळी गळते. हे सगळं मोसंबीसाठी. जंबेरीला यातलं काही लागत नाही. ती कोणाला न विचारता फळते. पण काकीनं रीत कुठून कुठून विचारून घेतली होती. गोडी उतरत नाही ती पाण्यात आपलं काही चुकतं म्हणून, असं तिनं ठरवून टाकलं होतं. खुंटाला दोष द्यायचा तर वाचवलेल्या प्रत्येक फुटीला दोष द्यावा लागला असता.

पोलीस ॲक्शनच्या आधीची ती संक्रांत. रस्ते धड नव्हते, रझाकारांच्या बातम्या रोज यायच्या, माणसं दिवसाउजेडी घर गाठायची. अशात शंकरमामा भोकरदनहून गाडी घेऊन आले. तोंड धुतलं नाही, पाणी घेतलं नाही. सरळ बागेत गेले. मी मागोमाग गेलो.

“आक्का, चल. माय लई थकली. तुझंच नाव काढून राह्यली.”

काकी खोरं टेकवून उभी होती. पायांशी ओली माती, वर पानं गळालेली झाडं. ती म्हणाली, “आंबवनी कालच झाली रे.”

“मंग?”

“चिंबवनी व्हायचीये. तेवढी झाली की निघते. आता सोडलं तर कळी गळंल समदी.”

“गळू दे! आक्के, माय हाये ती!”

“मायसाठीच करून राह्यले ना म्या!” काकी ओरडली. तिला ओरडताना मी पहिल्यांदा ऐकलं. “इतकी वर्सं गेली न्हाई ती कशापायी? आता जाऊ, आन रिकाम्या हातानं जाऊ? मंग तवाच गेले नस्ते?”

तवाच गेली असती तर बरं झालं असतं, हे उत्तर आहे, पण ते कोणी कोणाला तोंडावर देत नाही. न गेलेली प्रत्येक पंचमी तिच्या मागं उभी होती आणि तिला पुढं ढकलत होती.

तात्याही येऊन पोचले. “अगं जा की. झाडं काय पळून जाऊन राह्यलीत का? पानी मी पाहतो.”

“तुमी?” ती म्हणाली. त्या एका शब्दात घोडा, ग्रामोफोन आणि शेरवानी सगळं आलं.

मी म्हणालो, “काकी, मी सुटी वाढवतो. मी देतो पाणी.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मायेनंच पाहिलं. “बाबू, तू वाचीत बसशील आन पाट फुटंल.” ते खरंच होतं. आणि ते पुस्तकही मी कंटाळा आला की अर्ध्यात टाकतो, आणि त्याचा मला कधी अभिमान वाटलेला नाही. धरलेलं सोडता येणं हा नेहमीच शहाणपणा नसतो. पुष्कळदा आपण काही धरलेलंच नसतं.

शंकरमामा रिकामी गाडी घेऊन गेले. वेशीपर्यंत मी बरोबर होतो. गाडीत त्यांनी मऊ गवत पसरलं होतं, वर घोंगडी, बहिणीच्या कमरेला धक्के बसू नयेत म्हणून. ते म्हणाले, “मास्तर, मायला काय सांगू? झाडाला पानी द्यायचं हाये म्हनून आली न्हाई, आसं सांगू?” मी काहीतरी म्हणालो. काय ते आठवत नाही.

चिंबवणीच्या दिवशी दुपारी निरोप आला. भोकरदनचा माणूस बांधावर उभा राहिला आणि त्यानं डोक्याचं मुंडासं काढलं. सांगायची गरज नव्हती. तात्या खाली बसले. पाणी शेवटच्या ओळीत चाललं होतं. काकीनं त्या माणसाकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, आणि खोऱ्यानं वरंबा फोडून पाणी शेवटच्या आळ्यात वळवलं. आळं भरेपर्यंत ती उभी राहिली. मग वरंबा बुजवला, खोरं धुतलं, पाय धुतले, आणि तिथंच खाली बसून जो टाहो फोडला तो मला आजही ओळीनं उभी झाडं दिसली की ऐकू येतो.

तिला दगडाच्या काळजाची म्हणणारे त्या वेळी बरेच होते. मी म्हणालो नाही. त्या क्षणी ते आळं कोरडं सोडलं असतं, तर मायजवळ न जाण्याला काहीच कारण उरलं नसतं.

त्या बहाराला फुलं अमाप आली. संध्याकाळी वास गावभर पसरायचा. लोक वाटेत थांबून छाती भरून घ्यायचे. फळं झाडांना पेलवेनात. सगळी आंबट.

पुढं सप्टेंबरात फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं. तालुकदार साहेब कुठं गेले कोणाला कळलं नाही. तात्यांना बदलायला आठवडाही लागला नाही. शेरवानी पेटीत गेली, पांढरी टोपी आली, आणि नव्या साहेबांच्या स्वागताला पुन्हा त्याच केळी कापल्या. तात्या सुखानं जगले, सुखानं गेले. त्यांचा मला राग येत नाही. कधीकधी हेवा वाटतो.

काकी त्यांच्यामागं पुष्कळ वर्षं होती. कंबरेत पूर्ण वाकली, तरी थंडीत ताण आणि संक्रांतीला आंबवणी चुकली नाही. शेवटी उठवेना, तेव्हा पाणी थांबलं. जंबेरीचं काही बिघडलं नाही.

अशाच दिवसांत मी जालन्याहून मोसंबी घेऊन तिच्याकडे गेलो. चांगली, पातळ सालीची. सोलून एक फोड तिच्या हातात दिली. तिनं ती खाल्ली. गोड होती; माझ्या बोटांवरून रस ओघळत होता. ती म्हणाली, “बेस हाये.” मग दाराबाहेर बघू लागली.

“मायला गोड आवडायचं न्हाई,” ती म्हणाली. “आंबटच खायाची. चिंचा, कैऱ्या, कवठं. मिठासंगं. दात आंबले तरी सोडायची न्हाई.”

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. “काकी, हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?”

“माझीच माय. मला ठावं न्हाई तर कुनाला?”

“मग आपल्या झाडाची नेली का नाहीत? पहिल्याच बहाराची?”

तिनं उरलेल्या फोडी माझ्या हातात परत ठेवल्या आणि पदरानं बोटं पुसली.

“म्या मोसंबी म्हनले होते,” ती म्हणाली.